मतांचा उपास

मंचरला आमचं कापडाचं दुकान आहे, आणि मला मतं आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच काउंटरवर चालतात. सरकार का कोसळलं, हे बाजारपेठेत सगळ्यात आधी मी सांगतो (कोसळल्यानंतर). कॅप्टनने टॉस जिंकून काय घ्यायला हवं होतं, कुठल्या नटीचं लग्न टिकणार नाही, मालिकेतल्या सुनेने सासूला नेमक्या कुठल्या भागात उलट उत्तर द्यायला हवं होतं, सगळ्यावर माझं मत तयार असतं. डिंपल, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणतात, "गिऱ्हाईक ब्लाउजपीस घ्यायला येतं आणि लढाई घेऊन जातं." (हे चूक आहे. बरेच जण ब्लाउजपीस न घेताच जातात.)

तर यंदा आम्हा जैनांच्या पर्युषणात मी मतं सोडली. म्हणजे सोडावी लागली.

त्याचं असं झालं. आमच्या बाई, म्हणजे माझी आई सज्जनबाई, वय बहात्तर, दर वर्षी अठाई करतात. आठ दिवस अन्नाचा कण नाही. फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. मग पारणं. त्या वेळी घरातल्या कोणीतरी मुगाच्या पाण्याची वाटी त्यांच्या ओठाला लावायची, हा मोठा मान. गेल्या वर्षी तो मान मिळाला अंकितला. अंकित माझा धाकटा भाऊ, पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत. त्याने पर्युषणात मोबाइलवरचे सिनेमे सोडले होते. आणि मी काय सोडलं होतं? ड्रॅगन फ्रूट. त्याच्या आदल्या वर्षी फणस. ("भर पावसाळ्यात फणस मिळतो कुठं?" असं डिंपलने सगळ्या सोयऱ्यांदेखत विचारलं होतं.)

वर्षभर बाईंच्या गोळ्या मी आणायच्या, गुडघ्याला तेल मी चोळायचं, आणि पारण्याची वाटी अंकितच्या हातात! माझ्याकडे काम काय, तर ताट धरायचं. फोटोत मी हसतोय, पण मला लागलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी दुकानात आलो आणि गठ्ठ्यांमागे जाऊन डोळे पुसले.

यंदा बाईंनी आधीच जाहीर केलं, "जो जिवावर येईल असं काही सोडेल, त्याच्या हातचं पारणं करीन." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं की माझ्यामागच्या कॅलेंडरकडे, ते नक्की कळलं नाही. मी माझ्याकडे असं धरलं.

पहिल्या दिवशी स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळी, व्याख्यान संपल्यावर चातुर्मासाला आलेल्या साध्वी महासतीजींनी विचारलं, "कोणाला काही नियम घ्यायचाय?" मी हात जोडून उभा राहिलो. मनात होती मिठाई. (शुगर निघाल्यापासून डॉक्टरांनी ती बंदच केलीय, पण ते स्थानकात सांगायची गरज नव्हती.) मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूने आमची कन्या सिद्धी, कॉलेजला आहे, मोठ्यांदा म्हणाली, "पप्पा, मतं सोडा ना!"

अख्खं स्थानक हसलं. महासतीजी हसल्या नाहीत.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "वाणीचा संयम सगळ्यात अवघड. संवत्सरीपर्यंत, म्हणजे आठही दिवस, कशावरही मत द्यायचं नाही. घेता नियम?"

मी वळून बघितलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. (मागे कॅलेंडर नव्हतं.) काय कौतुक होतं हो त्या डोळ्यांत! पन्नाशीला आलेल्या मुलाकडे आई असं बघते कुठे? मी विरघळलो.

"घेतो," म्हणालो. "फक्त क्रिकेटपुरती सूट ठेवू का?"

"नाही," असं म्हणून त्यांनी पच्चक्खाण दिलं, म्हणजे प्रतिज्ञाच घ्यायला लावली. संपला विषय. आता पारण्याची वाटी माझ्या हातात यायची असेल, तर जीभ दातांमागे ठेवणं भाग होतं.

मला वाटलं, त्यात काय एवढं? राजकारण, टीव्ही आणि क्रिकेट, एवढ्यावर गप्प बसायचं. दुकान उघडलं तर समोर भगवंत हजर. भगवंत महाळुंगे पडवळचा बागायतदार. मार्केटला माल टाकला की चहाला माझ्याकडे, आणि चहाबरोबर माझं एक मत, हा त्याचा नेम.

"काय पारसशेठ, टिकतंय का सरकार?"

"पेपर तिथे ठेवलाय."

"त्ये दिसतंय मला. तुमाला काय वाटतं?"

"मला काहीच वाटत नाही."

भगवंताने कप खाली ठेवला. "वैनींशी वाजलं का काय?"

"नाही रे बाबा. नियम घेतलाय. संवत्सरीपर्यंत कशावर मत द्यायचं नाही."

भगवंताने डोळे बारीक केले. मग रस्त्याकडे बघून घेतलं आणि हळूच म्हणाला, "आसं व्हय! आलं ध्यानात."

"काय आलं?"

"काय न्हाई. वरनं सांगितलं आसंल तर आजाबात बोलू नका राव. आमी हाय तुमच्या मागं."

दुपारपर्यंत बाजारपेठेत बातमी पसरली की पारसशेठ नगरपंचायतीला उभे राहतात आणि पक्षाने त्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलंय. कुठल्या पक्षाने, ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून दोन्हीकडची माणसं येऊन गेली. दोघांनीही विचारलं, "शेठ, तुम्ही आमचेच ना?" मी दोघांनाही हात जोडले. दोघंही खूश होऊन गेले. (इतकी वर्षं मी घसा फोडून राजकारण समजावलं, तेव्हा कोणी सोसायटीच्या मीटिंगला बोलावलं नाही. गप्प बसलो तर उमेदवार झालो.)

हे एक वेळ ठीक. पण धंदा? कापडाचा धंदा सगळा मतावर चालतो, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. बायडाबाई आल्या, आमचं जुनं गिऱ्हाईक. भाचीच्या लग्नासाठी एक जांभळं लुगडं अंगावर धरून आरशासमोर उभ्या राहिल्या.

"शेठ, मला खुलून दिसंल का?"

झाली का पंचाईत! मी म्हणालो, "जांभळं आहे."

"त्ये मला बी दिसतंय. चांगलं दिसंल का न्हाई?"

"काठ रुंद आहेत."

"आवो पण शोभंल का मला?"

"नऊ वार आहे, बायडाबाई."

बायडाबाईंनी लुगडं काउंटरवर टाकलं. "न्हाई शोभत तर तोंडानं सांगा की! आसं लाजवता कशापायी?" आणि गेल्या त्या समोरच्या दुकानात. तिथला तो पोपटासारखा बोलत होता, "मावशी, काय दिसतंय, काय दिसतंय!" मी बघत बसलो.

घरी तर विचारूच नका. पर्युषणात आमच्याकडे हिरवी भाजी नाही, कांदा-बटाटा नाही. डिंपल बिचारी बेसनाचे गट्टे, पापड आणि डाळी यांत रोज काहीतरी नवीन शोधून काढते आणि समोर उभी राहून विचारते.

"कशी झालीय आमटी?"

"गरम आहे."

"ते मला माहितेय. कशी झालीय?"

"पातेलंभर झालीय."

डिंपलने डाव आपटला. "वीस वर्षांत कधी नावाजलं नाहीत, ते नाहीच. पण निदान नावं तरी ठेवायचात हो!"

संध्याकाळी ती मालिका बघत होती. त्यातल्या नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं असून तो आता परत आलाय. "हिने माफ करावं का हो त्याला?" डिंपलने विचारलं. मी छताकडे बघितलं.

"म्हणजे तुमचं त्याला समर्थन आहे."

"मी काही बोललो का?"

"बोलला नाहीत, तेच म्हणतेय मी. तो चुकीचा वाटला असता तर बोलला असतात." ती रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि त्या मालिकेतल्या नालायकाचं सगळं पाप माझ्या खात्यावर जमा झालं.

मॅचचं तर सांगतच नाही. शेवटची ओव्हर कॅप्टनने कोणाच्या हातात दिली, ते तुम्ही बघितलंच असेल. मी उशीत तोंड खुपसलं. सिद्धी म्हणाली, "पप्पा, उशी चावू नका, तेही मतच आहे."

पण मी टिकलो! रोज संध्याकाळी बाईंच्या पायाशी बसायचो. त्या दिवसेंदिवस खंगत चाललेल्या, आवाज बारीक झालेला, तरी विचारायच्या, "निभतंय का रे?" मी मान हलवायचो. त्या माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या. त्या हातासाठी मी आणखी दोन कॅप्टन सहन केले असते.

आणि मग सातव्या दिवशी सकाळी बाई स्थानकात जायला उठल्या आणि दारातच मटकन खाली बसल्या.

 पलंगावर आणून झोपवलं, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी बीपी बघितलं, पाठीला नळी लावली, आणि म्हणाले, "बीपी उतरलंय. फार घाबरण्यासारखं नाही, पण वय बघता उपास सोडलेला बरा. आता तुम्ही घरच्यांनी ठरवा."

घरचे माझ्याकडे बघायला लागले. डिंपल म्हणाली, "अहो, सांगा काहीतरी." सिद्धीच्या हातातल्या मोबाइलवर पुण्याहून अंकित म्हणत होता, "दादा, तू म्हणशील तसं करू. तुझं काय मत आहे?"

बघा म्हणजे! आयुष्यभर न विचारता मतं दिली. सरकारला दिली, कॅप्टनला दिली, ज्यांची तोंडं कधी बघितली नाहीत त्यांच्या घटस्फोटांवर दिली. माझ्या घरात मला पहिल्यांदा कोणी मत विचारलं, आणि तेव्हा मी नियमात! बोललो तर वाटी गेली. नाही बोललो तर… बाईंचा हात हातात घेतला, गार पडलेला होता. खड्ड्यात गेली वाटी.

"बाई, सोडा उपास," मी म्हणालो. "माझं स्पष्ट मत आहे. मला तुमची अठाई नको, तुम्ही पाहिजेत." आणि मला रडू फुटलं.

इथे थांबायला हवं होतं. पण बांध एकदा फुटला तो फुटलाच. या वयात अठाई करणं, त्यावर माझं मत. कोणाला न विचारता दारापर्यंत चालत जाणं, त्यावर माझं मत. डॉक्टरांचं यंत्र नक्की बरोबर दाखवतंय का, पुण्यात बसून 'दादा, तू सांग' म्हणणारे भाऊ, डिंपलची आमटी (उत्तम झाली होती), बायडाबाईंचं जांभळं लुगडं, आणि त्याच दमात, हुंदके देत, शेवटची ओव्हर.

बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. दोन घोट उकळलेलं पाणी घेतलं. मग म्हणाल्या, "झालं? आता जरा झोपू दे मला." आणि कुशीवर वळल्या.

दुपारी उठल्या तर बीपी वर आलेलं. डॉक्टर म्हणाले, चालेल. बाईंनी आठवा उपासही केला आणि संवत्सरीचं प्रतिक्रमणही, म्हणजे वर्षभराच्या चुकांची क्षमा मागणंही, पलंगावर बसून केलं. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. वाटी गेली होती.

पारण्याला घर माणसांनी भरलं. अंकित पुण्याहून आला होता. डॉक्टर आले होते, आणि भगवंतही, हातात नारळ घेऊन. बाईंनी मुगाचं पाणी मागितलं. मी सरळ ताट धरायला गेलो.

"पारस, वाटी तू घे," बाई म्हणाल्या.

 मी ताट सोडलं नाही. "बाई, अंकितला द्या. माझा नियम मोडला."

"कधी मोडला?"

"परवा. तुम्हाला उपास सोडा म्हणालो ना."

बाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "मी सोडला का?"

"नाही."

"डॉक्टर, यानं तुमच्या यंत्राला नावं ठेवली. तुम्ही दुसरं आणलंत?"

"छे छे," डॉक्टर म्हणाले.

"डिंपल, हा एवढा बोलत होता, तू काय केलंस?"

"मी सिद्धीकडून फोन घेऊन बाजूला गेले, बाई. अंकितभाऊंना काहीच ऐकू येत नव्हतं."

"मग?" बाई म्हणाल्या. "चार माणसांत एकानं तरी मनावर घेतलं, तर त्याला मत म्हणायचं. याचं कोणी घेतलंय? नियम शाबूत आहे. आण ती वाटी."

घर हसून हसून लोटपोट झालं. भगवंताने तर नारळच खाली टाकला. मी वाटी घेतली. घाईत अर्धं मुगाचं पाणी बाईंच्या पदरावर सांडलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि वाटी ओठाला लावून घेतली. त्यांचे डोळे भरले होते. माझे तर वाहतच होते.

नियम संपला होता, मान मिळाला होता, ऊर भरून आला होता. आता बोलायला काही हरकत नव्हती.

"बाई," मी म्हणालो, "मला असं वाटतं की…"

"वाटू दे," बाई म्हणाल्या, आणि उरलेलं मुगाचं पाणी पिऊ लागल्या.