दूर दाखवते ती दुर्बीण

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना सगळं कळत होतं. फक्त भागूआत्याला जरा कमी दिसत होतं.

भागूआत्या ही एक वानरीण. पाणवठ्याजवळच्या उंच झाडावर ती बसायची आणि खाली हरणांचा कळप चरायचा. वाघ दिसला की आत्या ‘खॉक!’ करून ओरडायची आणि हरणं पळायची. त्याबदल्यात हरणं तिला आत्या म्हणायची. तेवढ्यावर ती खूश होती.

पण एकदा ती एका वारुळाकडे पाहून ओरडली आणि सगळा कळप अर्धा कोस पळाला. त्यानंतर दोन दिवसांनी ती एका वारुळाकडे पाहून गप्प बसली, तर ते वारूळ उठून चालायला लागलं. चिंगी नावाचं पाडस थोडक्यात वाचलं. शेपटीचे चार केस मात्र वाघाकडेच राहिले.

आत्या त्याच दिवशी कळपाच्या अध्यक्षांकडे गेली. त्यांचं नाव शिंगाडेसाहेब.

“साहेब, मला एक दुर्बीण आणून द्या. नाहीतर माझ्या डोळ्यांपायी ही पोर एक दिवस जायची.”

“आणू की!” शिंगाडेसाहेब म्हणाले. “पण घाई नको. आधी तुलना करू.”

लगेच समिती नेमली. अध्यक्ष शिंगाडेसाहेब आणि तज्ज्ञ ससोबा. ससोबाने जन्मात दुर्बीण पाहिली नव्हती, पण तिच्याविषयी वाचलं पुष्कळ होतं.

थंडीत परदेशातून येणारा एक करकोचा दोन दुर्बिणी घेऊन आला. एक हिरवी, एक काळी. दोन्ही मुठीत मावतील एवढ्या चिमुकल्या आणि दोन्ही अगदी उंची.

“हिरवी आठपट मोठं दाखवते, काळी दहापट,” करकोचा म्हणाला.

“दहापटीत हात थरथरला की चित्रही थरथरतं,” ससोबाने सांगितलं.

“आमचं तर सगळंच थरथरतं,” शिंगाडेसाहेब म्हणाले. “लिहून घ्या.”

“काचांना सात लेप दिलेत,” करकोचा म्हणाला.

“हळदीचे का रे?” आत्याने मायेने विचारलं.

“आणि दोन्ही खिशात मावतात!” करकोचा पुढे म्हणाला.

यावर प्रत्येकाने आपापल्या अंगाकडे पाहिलं.

“तीस वर्षांची हमी आहे,” करकोच्याने घाईने विषय बदलला.

“आमच्यात पाच वर्षं जगलं तरी सत्कार करतात,” ससोबा म्हणाला. “बरं, लोकांचं मत काय?”

“हिरवीला पाचपैकी पावणेपाच चांदण्या.”

“उरलेली पाव चांदणी कुठे गेली?”

“एका घुबडाने कमी दिली. म्हणे दिवसा काही दिसत नाही.”

अशी तुलना पंधरा दिवस चालली. आत्या रोज म्हणायची, “कुठलीही द्या रे बाबांनो, पण द्या!” आणि समिती रोज म्हणायची, “एकदा घ्यायची तर नीट बघून घेऊ.”

शेवटी प्रत्यक्ष बघायचं ठरलं. वाघ लांब, पलीकडच्या काठाला पाण्यात डुंबत होता. आत्याने हिरवी दुर्बीण डोळ्यांना लावली.

“अगंबाई! मिश्या मोजून घ्या! हीच द्या मला.”

“थांबा, आधी अध्यक्ष,” म्हणत शिंगाडेसाहेबांनी दुर्बिणीत पाहिलं. आणि काय सांगू बाळांनो, ते एका उडीत करवंदीच्या जाळीत जाऊन पडले.

“वाघ! नाकावर! माझ्या नाकावर!”

“अहो, तो तिकडेच आहे,” आत्या म्हणाली. “यातून जवळ दिसतो इतकंच.”

“मग असली वस्तू घ्यायची कशाला? चांगला लांब होता, तो या बाईने जवळ आणला!”

आता ससोबाने काळी उचलली. भीतीच्या गडबडीत त्याने ती उलटी धरली.

“वा! वाघ मुंगळ्याएवढा झाला! आणि गेला बघा कुठल्या कुठे!”

“ससोबा, उलटी धरलीस रे राजा,” आत्या म्हणाली.

“उलटी? आत्या, हिचं नाव काय? दुर्बीण. दूर दाखवते ती दुर्बीण. तुमची ती हिरवी म्हणजे जवळबीण आहे!”

आत्याने करकोच्याकडे पाहिलं. करकोच्याने आभाळाकडे पाहिलं.

“दोन्ही बाजूंनी चालते, हेच तर आमचं वैशिष्ट्य,” तो म्हणाला.

काळी दुर्बीण एकमताने घेतली. ससोबाने मोठ्या काचांच्या कडेला ठळक अक्षरांत लिहिलं, ‘डोळे इथे लावावेत.’

आत्या गुपचूप ती फिरवायची आणि खरं काय ते बघून घ्यायची. पण खरं कोणाला हवं होतं?

“साहेब, वाघ निघालाय हो!”

“दुर्बिणीत केवढा दिसतो ते सांगा.”

“दुर्बिणीत होय? झुरळाएवढा.”

“मग चरू द्या की सगळ्यांना.”

दुसऱ्या दिवशी वाघ बेडकाएवढा झाला. बेडकाला भिऊन पळणं कळपाला शोभत नाही, असं समितीने ठरवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याला दुर्बिणीची गरजच उरली नाही.

“खॉक! खॉक! पळा! तुमच्या मागे उभा आहे!”

“केवढा?” शिंगाडेसाहेबांनी मान न वळवता विचारलं.

“अहो, मागे!”

“केवढा, ते विचारतोय मी.”

आत्याने दुर्बिणीत पाहून रडवेल्या आवाजात सांगितलं, “घुशीएवढा.”

“बसा रे सगळे,” साहेब म्हणाले.

वाघ गवतातून बाहेर आला. कोणी पळेना, हे पाहून तोच बिचारा गोंधळला. “तुम्ही पळत का नाही?” त्याने विचारलं. शिंगाडेसाहेबांनी वळून पाहिलं आणि त्यांचे चारही पाय जमिनीला चिकटले. चिंगी वाघापासून फक्त एका झेपेवर होती.

आत्या भराभर खालच्या फांदीवर उतरली.

“वाघोबा, जेवणापूर्वी यातून बघून घ्या. काय खाताय ते नीट दिसायला नको का?”

वाघ शिकलेला होता. त्याने ‘डोळे इथे लावावेत’ हे वाचलं आणि तसंच केलं.

“ही माशी कसली?”

“पाडस आहे ते.”

“आणि तो उंदीर?”

“आमचे अध्यक्ष.”

वाघाने बराच वेळ पाहिलं. मग दुर्बीण खाली ठेवली. त्याचा चेहरा पार उतरला होता.

“आणि मी यांच्यासाठी एवढा धावतो?” तो म्हणाला. “लोकांना कळलं तर काय म्हणतील?” आणि रानरेडे शोधायला तो पलीकडच्या जंगलात निघून गेला.

शिंगाडेसाहेबांचे आधी पाय सुटले, मग जीभ सुटली. “पाहिलंत? तुलना करून घेतलेली वस्तू ही अशी उपयोगी पडते!” त्यांनी ससोबाच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. भागूआत्याला मात्र विचारणा झाली, की घुशीएवढ्या वाघाला पाहून आपण आरडाओरडा का केलात?

आत्याने चिंगीकडे पाहिलं. ती मजेत चरत होती.

“वय झालं हो, साहेब,” आत्या म्हणाली. “मला हल्ली सगळं मोठं दिसतं.”

तात्पर्य : उंची वस्तू घेताना भरपूर तुलना करावी, तज्ज्ञांचं ऐकावं आणि ती खुशाल उलटी धरावी. फक्त वाघ आला, की आधी त्याला बघायला द्यावी.