वसुधाकाकूंचे डिपेंडंट

"नमस्कार, मी वसुधाचा डिपेंडंट," अशी स्वतःची ओळख करून देणारा एकसष्ट वर्षांचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. वर खिशातून बायकोच्या कंपनीचं आरोग्यविम्याचं कार्ड काढून दाखवतात. इथे परदेशात, स्वोर्ड्स गावात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे हे रानडेकाका.

न दुखणाऱ्या गुडघ्यासाठी ते फिजिओकडे जातात. "कसा आहे गुडघा?" विचारलं, की "ग्रँड! पण कव्हरमध्ये आहे, मग सोडा कशाला?"

गेल्या उन्हाळ्यात वसुधाकाकू आमच्याकडे आल्या. औषधाच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यांना पुण्याला आईजवळ राहायला जायचं होतं. आई नव्वदीच्या, एकट्या. पण नोकरी गेली की काकांचा विमाही जाणार, आणि काकांच्या हृदयात दोन स्टेंट. "तुम्हाला आकडे कळतात. यांना स्वतःची पॉलिसी घ्यायला लावा हो एकदा."

लावतो म्हणालो, इथेच चुकलो. तीन कंपन्यांचे दर काढले. विम्यात मध्ये मोठा खंड पडला, तर जुन्या दुखण्याला कित्येक वर्षं कव्हर मिळणार नाही, हे समजावलं. काका मान डोलवायचे आणि विचारायचे, "पण एक्सेस म्हणजे नक्की काय हो?" आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, हे सांगून सांगून माझा घसा बसला. मग म्हणाले, "सरकारचं बजेट होऊ दे." मग, "नाताळ जाऊ दे." मुलीच्या लग्नालाही कोणी इतके मुहूर्त पाहत नसेल.

फेब्रुवारीत काकूंच्या आई बाथरूममध्ये घसरून पडल्या. मी तडक शेजारी गेलो.

"काका, एक फोन करायला तुमचं जातंय काय?"

"माझी पॉलिसी झाली की वसुधा निघणार," काका भांडी पुसत म्हणाले. "लग्न झाल्यापासून रात्री एकटा जेवलो नाही हो मी."

मग त्यांनीच हात पुसले, फोन लावला. पलीकडून विमा कंपनीच्या बाईने किती जण म्हणून विचारलं.

"टू ॲडल्ट्स."

मी हातवारे करून नको नको म्हणत होतो. काकू इथे नसणार, पैसे पाण्यात! निदान हप्त्याने भरा, म्हणजे पुढे नाव तरी काढता येईल, असं कुजबुजलोसुद्धा.

"ती परत येईल ना," म्हणत काकांनी पाठ फिरवली आणि दोघांचे, अख्ख्या वर्षाचे पैसे त्या विमा कंपनीला एकरकमी भरून टाकले.