तंतोतंत जुळणारा माणूस

मास्तरांना त्यांच्या बायकोला भेटायचे होते. मागणी एवढीच होती. आणि मागणी जितकी साधी, तितकी तिची छाननी कडक, हे नीट चाललेल्या कोणत्याही व्यवस्थेचे लक्षण असते.

बायको रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर होती. दुपारी तिचे ऑपरेशन होते. भरती होण्याच्या घाईत ती चष्मा घरी विसरली होती, आणि चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचा माणूस तिला धुके वाटे. सकाळी ती कुणाच्या तरी फोनवरून म्हणाली होती, "आत नेण्याआधी एकदा तोंड दाखवून जा. आणि चष्मा आणा, म्हणजे ते मला दिसेल."

जन्मभर टायपिंगचा क्लास चालवलेले मास्तर चष्मा खिशात घालून पासाच्या खिडकीशी आले. खिडकीवर पाटी होती: छायाचित्र पडताळणी कक्ष. तोतयांपासून रुग्णांचे रक्षण.

कारकुनाने पासासाठी दिलेला मास्तरांचा फोटो टेबलावर ठेवला, मोबाइलने त्याचा फोटो काढला, त्यावर बोट दाबून धरले आणि 'चित्रावरून शोधा' हा पर्याय निवडला. चक्र फिरले.

निकाल: गुडघ्याचे तेल. फोटोखाली भलतेच नाव आणि उद्गार, 'आता मी जिने धावत चढतो!'

निकाल: कवळी घट्ट बसवणारी पेस्ट.

निकाल: ज्येष्ठांचे विवाहमंडळ. 'विधुर, एकटे, हसतमुख.'

"काका," कारकून गंभीर झाला, "तुम्ही विधुर आहात."

"अहो, बायको वर आहे माझी!"

"विधुराची बायको वर असते, हे बरोबर. पण तिसऱ्या मजल्यावर नसते."

मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. हा फोटो भाच्याने गच्चीवर काढला होता. "मामा, काय विश्वासू चेहरा आहे तुमचा!" असे म्हणून त्याने तो 'कुणीही फुकट वापरा' अशा कुठल्याशा साइटवर टाकला होता. मास्तरांनी तिथूनच भाच्याला फोन लावला.

"अभिनंदन, मामा! गाजताय की!" भाचा म्हणाला आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

"फोटो सोडा," मास्तर काकुळतीला आले. "मी समोर उभा आहे. माझाच फोटो काढा ना!"

कारकून हटवादी नव्हता. त्याने काढला. शोधला.

निकाल: तेल, पेस्ट, विधुर. शिवाय परदेशातल्या एका विमा कंपनीचे समाधानी आजोबा.

"बघा! निकाल वाढले. तुमच्या फोटोपेक्षा तुम्हीच जास्त संशयास्पद निघालात."

मागच्या गृहस्थांना घाई होती. त्यांचा फोटो इतका पुसट होता की शोधात एक तपकिरी सोफा आला. त्यांना ताबडतोब पास मिळाला. सोफ्याच्या नावाने आजवर कुणी तोतयेगिरी केल्याची नोंद नव्हती.

"मग तिलाच विचारा," मास्तर म्हणाले. "संसार केलाय माझ्याशी. ती ओळखेल."

ही सूचना नियमात बसत होती. कारकुनाने फोटो वर नर्सला पाठवला. नर्सने मोबाइल आजींच्या डोळ्यांसमोर धरला. संभाषण खिडकीतल्या स्पीकरवर सगळ्या रांगेला ऐकू आले.

"आजी, हे कोण?"

"कोण गं? भोपळा आहे का?"

"माणूस आहे. तुमचे मिस्टर म्हणतायत स्वतःला."

"नाही बाई, मला काही ओळखू येत नाही."

कारकुनाने नोंद केली: पत्नीने ओळख नाकारली.

"अहो, तिला दिसत नाही!" मास्तर ओरडले. "तिचा चष्मा माझ्याकडे आहे!" आणि त्यांनी तो खिशातून काढून उंच धरला.

रांगेत कुणीतरी पटकन फोटो काढला.

"म्हणजे," कारकून एकेक शब्द तोलत म्हणाला, "रुग्णाला दिसू नये म्हणून तुम्ही चष्मासुद्धा काढून घेतलात?"

पहारेकरी आला. चष्मा मुद्देमाल म्हणून जमा झाला. रांगेतल्या जागरूक नागरिकांनी हात वर केले. प्रत्येक हातात मोबाइल होता. 'सावधान! रुग्णांचे चष्मे पळवून नवरा बनणारा भामटा. आपल्या माणसांना कळवा.'

तरीही कारकुनाने अन्याय होऊ दिला नाही. त्याने शेवटची संधी म्हणून पुन्हा एकदा शोधून पाहिले.

निकाल: भामटा. निकाल: भामटा. निकाल: भामटा, तेल.

"आता तर सगळीकडे आलंय, काका. एवढे लोक खोटं कशाला बोलतील?"

तिसऱ्या मजल्यावर स्ट्रेचर हलले. आजींनी कठडा घट्ट धरला आणि विचारले, "आमचे हे आले का गं?"

"नाही आजी," नर्स मायेने म्हणाली. "एक तोतया आला होता, पण पकडला त्याला. तुम्ही निर्धास्त जा."

खाली मास्तर लिफ्टच्या दाराकडे बघत उभे होते. पहारेकऱ्याचा हात त्यांच्या दंडावर होता.

तो फोटो तुम्हालाही आला होता. आठवतोय? सदऱ्याची वरची गुंडी उघडी, हात वर, हातात बायकी चष्मा. त्यावर क्षणभर बोट दाबून धरले असते, तर तेल निघाले असते, पेस्ट निघाली असती, कदाचित गच्चीवरचा मूळ फोटो काढणारा भाचाही सापडला असता. पण तुम्ही बोट दाबलेत ते 'पुढे पाठवा'वर. शिवाय घरच्या ग्रुपवर टाकताना स्वतःचे एक वाक्यही जोडलेत:

'चेहऱ्यावरूनच कळतं.'