कॅप्टन बेसाल्ट यांना दोन मिनिटं

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, चष्म्याचा नंबर नुकताच वाढलेला असताना, मी कॉमिक वाचायला घेतलं. मुलीच्या लग्नासाठी बाप काय वाटेल ते करतो म्हणतात. मी त्यातलं सगळ्यात सोपं निवडलं होतं. (असं मला तेव्हा वाटलं.)

आमची स्वानंदी शिरवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथेच काम करणारा, सांगलीजवळच्या माधवनगरचा एक मुलगा, धवल, तिला आवडला. महिन्याभरानं तो आई-वडिलांना घेऊन साताऱ्याला आमच्याकडे येणार होता. स्वानंदीनं फोनवर मला बजावलं, "बाबा, तो फार लाजाळू आहे. तुम्ही पाटबंधारे खात्यातल्या बदल्यांवर बोलू नका. मागे आत्याच्या प्रांजलताईचा नवरा ते ऐकताना बसल्या बसल्या झोपला होता."

"मग बोलू काय?"

"त्याला 'थंडर नाइन' कॉमिकचं वेड आहे. त्यावर बोला, लगेच खुलेल."

मी पहिला अंक मागवायला बसलो, तर पहिले अंक सहा निघाले! दर दहा वर्षांनी मंडळी पुन्हा एकपासून मोजायला लागतात, आणि मन भरलं की जुन्या आकड्यावर परत येतात म्हणे. शेवटी चारशे ते चारशे बारा असा गठ्ठा मागवला. नावात नऊ, पण पथकात माणसं चौदा. त्यातले दोघं एकच, आणि एक जण स्वतःचाच नातू. प्रत्येक चौकटीखाली बारीक टीप : 'पाहा अंक सत्त्याऐंशी.' म्हणजे आमच्या ऑफिसातली फाइलच! मागचा पत्रव्यवहार पाहावा, आणि तो नेमका गहाळ.

मी वही घेऊन तक्ता काढत बसलो. शकुंतला, म्हणजे आमची सौभाग्यवती, भाजी निवडता निवडता डोकावली. "काय अडलंय?"

"ही याची बायको आहे की शत्रू?"

"बायकोच. पण तिच्या अंगात दुसरी शिरलीय. चेहरा बघा ना, भुवया वर गेल्यात." (चौदा वर्षं रोज तीन मालिका बघणाऱ्या बाईला यात कठीण असं काय असणार?)

हळूहळू मात्र मी त्यात रंगलो. विशेषतः पथकाचा म्होरक्या कॅप्टन बेसाल्ट माझ्या फार मनात भरला. अबोल, कामसू, कधी रजा न घेणारा. साहजिकच मला तो माझ्यासारखा वाटला. आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, चारशे बाराव्या अंकात, तो गेला! मला घरात बसवेना. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

शेजारचे निवृत्त सुभेदार नाथाजी जाधव झाडांना पाणी घालत होते. "आवं अनंतराव, त्वांड का उतरलंय?"

"कॅप्टन गेला हो."

त्यांनी पाण्याची नळी खाली टाकली. "कवा?"

"आत्ताच वाचलं. उत्तरेकडच्या पुलावर. एकट्यानं पूल धरून ठेवला, बाकीचे तेरा सुटले."

"आपल्यातलाच व्हय?"

"महिनाभरात अगदी घरातला झाला होता."

"पोरंबाळं?"

"एक मुलगी आहे." (ती भविष्यकाळातून आली आहे, हे सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं.)

सुभेदारांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचेही डोळे पाणावले होते. या वयात त्यांनाही कॉमिकची आवड असावी, याचं मला कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला धवलची गाडी दारात थांबली, तेव्हा अंगणात आठ माजी सैनिक रांगेत उभे होते. कडक इस्त्रीचे कपडे, छातीवर पदकं, पुढे सुभेदार पुष्पचक्र घेऊन. पेढ्यांचा बॉक्स घेतलेल्या धवलच्या आईनं तो घाईघाईनं पदराआड केला. त्याचे वडील अमृतराव चपला काढून हात जोडून उभे राहिले.

"सावधान!" सुभेदार गरजले. "दोन मिन्टं शांतता!"

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पण शांतता पाळायची असताना बोलणार कसं? मीही मान खाली घातली. स्वानंदी माझ्याकडे बघत होती. ती नजर मी इथे लिहू शकत नाही.

दोन मिनिटं संपली. धवल हळूच जवळ आला. "काका, कोण गेलं?"

"कॅप्टन बेसाल्ट," मी पुटपुटलो.

तो पांढराफटक पडला. "गेला? पण मी अजून तीनशे एक्याण्णववर आहे!" आणि महिन्याला एकच अंक पुरवून पुरवून वाचणारा तो मुलगा आमच्या पायरीवर मटकन बसला.

सुभेदारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नगं गड्या. लय मोठा मानूस व्हता."

अमृतराव गोंधळून बायकोला विचारत होते, "आपल्याकडचं कोण हे?" सोयरीक अंगणातच बुडाली असं मी धरून चाललो. तेवढ्यात शकुंतला पोह्यांची परात घेऊन बाहेर आली.

"प्रेत सापडलं का?" तिनं विचारलं.

अंगण गार!

"न्हाई सापडलं?" सुभेदारांनी मला विचारलं.

"पुलाखाली पाण्यात पडला ना?" शकुंतला म्हणाली. "मग आहे जिवंत. स्मृती गेली असेल फक्त. धवल, डोळे पूस. ती डॉक्टरीणबाई अंक चारशे पाचपासून नदीकाठी उगाच राहतेय का?" (माझा गठ्ठा ती दुपारी वाचत होती, हे मला तेव्हा कळलं.)

धवलनं मान वर केली. "नदीकाठी राहते? म्हणजे तिला आधीच माहीत होतं?" आणि जो घडाघडा बोलायला लागला, तो पोहे निवले तरी थांबेना. लाजाळूपणा वगैरे काही उरला नाही.

मी चारशे बारावा अंक सुभेदारांपुढे धरला आणि सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा लावून पुलाची ती सगळी पानं शांतपणे वाचली.

"एकट्यानं पूल धरला. मागनं फायर कुनीच दिलं न्हाई?"

"नाही."

"मग ह्या तेराबी जणांचं कोर्ट मार्शल झालं पायजे," ते म्हणाले. पुष्पचक्र उचललं, हुतात्मा स्मारकावर वाहतो म्हणाले, आणि आधी पोहे खायला बसले. अमृतराव तोवर पोट धरून हसत होते. पेढे बाहेर आले.

साखरपुडा सांगलीला झाला. धवलनं सासूबाईंना 'थंडर नाइन'च्या पहिल्या पन्नास अंकांचा बांधीव संच दिला. माझ्या हातात हातरुमालांचा डबा ठेवत, वाकून नमस्कार करून तो अदबीनं म्हणाला, "बाबा, तुम्हाला वाचलेलं सोसत नाही, असं आई म्हणाल्या."