तुलनेसाठी राखीव बाजू

विषमता आधी नीट मोजावी लागते, त्याशिवाय ती कमी करता येत नाही. हे सत्य आमच्या गल्लीत माझ्या धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी आलं, एका अभ्यासकांच्या गाडीतून.

त्याआधी आमचा बटणांचा कारखाना बंद पडला होता. समुद्रापलीकडची बटणं स्वस्त पडू लागली होती. अभ्यासकांनी आम्हाला कारखान्याच्या रिकाम्या जेवणघरात बसवून समजावलं, की जागतिक व्यापारामुळे एकूण जग श्रीमंत झालं आहे. आम्हाला फार बरं वाटलं. (जग कुठे राहतं, हे विचारायचं राहून गेलं.)

माणूस सज्जन. विषमतेवर त्यांची तीन जाड पुस्तकं आहेत, आणि गरिबांबद्दल बोलताना त्यांचा आवाज खरोखर कातर होतो. योजना सोपी होती. गल्लीच्या उजव्या बाजूला दरमहा भत्ता द्यायचा, डाव्या बाजूला काहीच द्यायचं नाही, आणि दोन वर्षांनी फरक बघायचा. फरक पडला तर सरकार सगळ्यांनाच भत्ता देईल. आमचं घर डावीकडे. डाव्या बाजूचं काम जास्त जबाबदारीचं, असं त्यांनी आवर्जून सांगितलं. भत्ता काय, कोणीही घेईल.

डाव्या बाजूची कामगिरी अशी: आहे तसं राहणे, दर तीन महिन्यांनी वजन, दम आणि समाधान मोजून घेणे (समाधान एक ते दहा, शून्याची सोय नव्हती), आणि उजवीकडून काहीही न घेणे.

माझा थोरला भाऊ आणि समोरच्या घरातला भोंगा, दोघांनी बटणं घासण्याच्या यंत्रावर शेजारी उभं राहून जन्म काढला. (त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत.) दोघांच्या छातीत एकच भुकटी, दोघांना एकच दमा. अभ्यासक हरखले. इतके सारखे दोन खोकले समोरासमोरच्या दारांत मिळणं दुर्मिळ, म्हणाले. डॉक्टरांनी दोघांनाही एकच पंप सांगितला होता. कारखान्याबरोबर तो परवडणंही बंद झालं होतं.

भत्ता सुरू झाला तसा भोंग्याने पंप आणला आणि महिन्याभरात जिने चढू लागला. एका संध्याकाळी गल्ली ओलांडून आला.

"घे रे, थोरल्या. माझ्याकडे एक जादा आहे."

नेमके अभ्यासक मोजमापाला आलेले. त्यांचा चेहरा पडला.

"असं वाटून घेतलंत तर फरकच उरणार नाही हो."

"मग झालं की काम," वहिनी म्हणाली. "तुम्हाला तेच हवंय ना?"

फरक नाहीसा होणं वेगळं आणि तो शास्त्रशुद्ध रीतीने नाहीसा होणं वेगळं, असं त्यांनी तिला शांतपणे समजावलं. वहिनी माझ्याकडे वळली. "भावजी, विचारा ह्यांना, चहा घेतील का. की त्यानेही आकडा बिघडतो?"

पण पंप परत केला तो भावानेच. आमच्या कारखान्यात प्रत्येक मालातली पहिली बारा बटणं पुठ्ठ्यावर शिवून भिंतीवर टांगलेली असत. कितीही तुटवडा असो, त्या पुठ्ठ्यावरचं बटण कोणी तोडत नसे. एकदा मालकाच्या कोटाचं बटण गेलं, तरी भावाने दिलं नव्हतं.

"नमुन्याला हात लावायचा नाही," तो म्हणाला, मध्ये दोनदा थांबून. "आपण घोळ केला तर कोणालाच मिळायचं नाही."

"तू काय बटण आहेस का?" भोंगा म्हणाला.

"गप बस. उजवीकडचा तू."

मला भावाचा अभिमान वाटला. मला तो वाटणं सोपं होतं. माझी छाती ठणठणीत होती.

संशोधन यशस्वी झालं. भत्त्याने आयुष्य वाढतं, हे निर्विवाद सिद्ध झालं. अभ्यासकांना मोठा सन्मान मिळाला. सरकारने निष्कर्षाचं मनापासून स्वागत केलं आणि अशीच पाहणी आणखी चाळीस गल्ल्यांत करायचं ठरवलं, डाव्या बाजूंसकट. अभ्यासकांनी आलेख चौकटीत घालून वहिनीला आणून दिला. त्यात समोरासमोरच्या दोन दारांतल्या दमाच्या दोन रेषा आहेत. वरची चढत जाते. खालची एका ठिकाणी संपते.

वाचकहो, मग उजव्या बाजूला किती गेले, असं तुमच्या मनात आलंच असेल. बरोबर आहे. त्याशिवाय डावीकडच्या एका माणसाचा अर्थ लागत नाही. अभ्यासकांनीही दारात आल्या आल्या हेच विचारलं होतं.

माझा थोरला भाऊ पाहणीच्या दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सकाळी वारला.