डब्यावरचं आम्ल

क्रीडा वसतिगृहात खेळाडूंसाठी अमिनो आम्लाची पावडर आली आणि त्याच दिवशी भटारखाना बंद झाला. दोन्ही निर्णय पूर्ण विचारांती घेतले होते. पावडरीत सगळं पोषण असताना अंडी, दूध आणि डाळ हवी कशाला, असं क्रीडाधिकारी साहेबांचं म्हणणं पडलं.

रविवारी निवडीची शर्यत होती. वयाच्या अटीमुळे 'वावटळ' या टोपणनावाच्या धावपटूची ही शेवटची संधी. ती भांडारात पावडरीचा आपला डबा मागायला गेली.

"मिळणार नाही," भांडारपाल म्हणाले.

"का हो काका? आमच्यासाठीच आलाय ना?"

"त्यावर काय लिहिलंय? आम्ल. म्हणजे ॲसिड. संडास धुवायच्या बाटल्यांशेजारी कुलपात ठेवलंय. नियमच आहे तसा."

"अहो, ते खायचं असतं!"

"ॲसिड खायचं? उद्या तुझ्या आईला काय सांगू मी?"

प्रकरण सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेलं. ते समजूतदार निघाले. त्यांनी सेवनाला रीतसर परवानगी दिली. फक्त रबरी हातमोजे, चष्मा आणि घट्ट मुखपट्टी सक्तीची केली.

"साहेब, तोंड बांधून खाऊ कशी?"

"तो आहार विभागाचा प्रश्न आहे."

आहार विभाग म्हणजे भटारखाना, आणि त्याला तर टाळं होतं.

वावटळीने रविवारपर्यंत चहा-बिस्किटांवर काढलं. शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मैदानात मटकन खाली बसली. क्रीडाधिकारी साहेबांनी तिथेच शेरा मारला : 'पावडर न घेतल्याने खेळाडू कोसळली. मागणी दुप्पट करावी.'

पहिली आली शेजारच्या वसतिगृहातली मुलगी. तिच्याभोवती ही गर्दी उसळली.

"काय घेतेस गं तू?"

"दोन वेळा पोटभर जेवते."

"ते झालंच गं. पण डबा कोणता?"

"डबा नाही हो. आमच्याकडे स्वयंपाक होतो."

लोक एकमेकांकडे बघून हसले. "पक्की आहे! नाव फुटू देत नाही."

वावटळीने मात्र तिच्यावर लगेच विश्वास ठेवला. बसल्या जागेवरून तिने क्षीण आवाजात विचारलं, "काही उरलंय का गं?"

सुज्ञ वाचक त्या गर्दीला हसतील. मग कोणी बघत नाही असं पाहून गोष्टीत पुन्हा वर जातील, डब्यावरचं नाव आपल्या नजरेतून निसटलं तर नाही ना, हे तपासायला.