गल्लीला पाणी कळवणारं मशीन

सकाळी साडेनऊला प्रभुलिंग सरांनी कॉम्प्युटर पाहिला. स्क्रीनवर 'संपर्क नाही' एवढीच ओळ. आज पाण्याचा दिवस होता. चार दिवसांनी येणारं पाणी, तेही दोनच तास. हौद तळाला गेलेला आणि उद्या घरी मुलीचा, सृष्टीचा साखरपुडा! मंगळवेढ्याहून मुलाकडची पन्नास माणसं जेवायला येणार होती.

हा कॉम्प्युटर म्हणजे सरांचा अभिमान. नळाला पाणी आलं की तो आपोआप हौदाचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि गल्लीच्या ग्रुपवर मेसेज टाकायचा. चौतीस घरांनी त्याच्या भरवशावर नळाकडे बघणंच सोडलं होतं. त्याआधी चाळीस वर्षं हे काम सरांच्या आईकडे, काशम्मांकडे होतं. त्या अंगणातून अशी हाक मारायच्या की झोपलेला माणूस घागर घेऊनच उठायचा. मशीन बसवल्यावर सरांनी बजावलं, "अव्वा, आता ओरडायचं नाही. लोक हसतात." मुलाचा शब्द काशम्मा अक्षरन्अक्षर पाळत, आणि खरी भानगड तीच होती.

सरांनी कॉम्प्युटर तीनदा बंद करून चालू केला. वायरी उपटल्या, पुसल्या, परत खोचल्या. नळ सोडून बघावा हे मात्र त्यांना सुचलं नाही. ती सवयच मोडली होती. बायको दाक्षायणी आणि सृष्टी हार-फुलं आणायला गेलेल्या, त्यामुळे सुचवणारंही कुणी नव्हतं.

दारात काशम्मा आल्या. "प्रभू, ऐक की जरा..."

"अव्वा, आत्ता नको!"

पाऊण तासाने त्या पुन्हा आल्या, पदर पार भिजलेला. सरांनी मान वर न करताच हात हलवला. त्या गेल्या.

शेवटी सरांनी पुण्याच्या भाच्याला, शिवराजला फोन लावला.

"मामा, परवा तुम्ही फायरवॉल बसवलात ना?"

"व्हय. स्टाफरूममधल्या एकाला ऑनलाइन गंडवलं, म्हणून बसवला."

"तो दारावरचा रखवालदार असतो. नवीन कोण दिसलं की विचारतो, आत सोडू का? कुणीतरी नको म्हटलं असेल. यादी बघा."

सरांनी यादी उघडली. पाण्याचा निरोप पाठवणाऱ्या त्यांच्याच सर्व्हरचं नाव लाल अक्षरांत, पुढे 'अडवले', काल दुपारी चार दहा. चार दहाला सर शाळेत होते. घरात चोर शिरला की काय?

"अव्वाऽ! काल ह्या कॉम्प्युटरला कुणी हात लावला?"

"मीच की. फडक्यानं पुसत हुते, तर एकदम काय तरी इचाराय लागलं. तूच म्हणालतास न्हवं, मोबाईल असू दे न्हायतर कॉम्प्युटर, काय बी इचारलं तर लाल बटण दाबायचं? दाबलं."

सायबर सुरक्षेवर सरांनी शाळेशाळेत भाषणं दिली होती. ती मनावर घेणारी एकच विद्यार्थिनी निघाली, आणि तीही घरातच! त्यांनी घाईघाईने सर्व्हरला परवानगी दिली. मशीन जागं झालं आणि सकाळपासून अडकलेला निरोप एका दमात बाहेर पडला: 'पाणी आलं. भरून घ्या.' गल्लीत चौतीस मोटारी घुमल्या, घागरी खणखणल्या.

"आता कशाचं पाणी?" काशम्मा म्हणाल्या. "नवाला आलतं, अकराला गेलं बी."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते. सर आईकडे वळले. "मग सांगितलं का नाहीस?"

"दोनदा आलते. हाकललास."

"हाक तरी मारायचीस!"

"वरडू नको म्हणालतास. मला वाटलं, मशीननं सांगितलं असंल समद्यांना."

"आणि आपला हौद?"

"गच्च भरलाय. अंगणातल्या नळाला पाईप लावला. पिपं बी भरली."

सरांना आईच्या पाया पडावंसं वाटलं. ते वाकणार तोच फाटक वाजलं. समोरच्या घरातले सिद्रामप्पा उभे होते आणि त्यांच्या मागे कोरड्या घागरी घेतलेली सगळी गल्ली.

"वा, सर! तुमचा हौद काठोकाठ, आनि आमाला मेसेज पाणी गेल्यावर? लई हुशार हाय की तुमचं मशीन!"

सरांनी वीस वर्षं कमावलेलं नाव एका मेसेजात पाण्यात गेलं होतं. रखवालदार, परवानगी, लाल बटण हे सगळं त्यांनी सांगून पाहिलं. कुणाला पटेना. ह्याच माणसांना उद्याचं आमंत्रण होतं. लाजेने त्यांनी स्वतः हौदाचं झाकण उघडलं. तासाभरात फरशी दिसायला लागली. पिपंही गेली.

रिकाम्या हौदाकडे बघत सर म्हणाले, "सिद्रामप्पा, उद्या पन्नास पानं उठायची आहेत हो. पोरीच्या सासरच्यांना हात धुवायला तरी काय देऊ?"

सिद्रामप्पा शेवटची घागर खांद्यावर घेऊन थबकले. त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "असं करा, साखरपुडा आमच्याकडंच करा. पाणी आता तितंच हाय की. आचाऱ्याला सांगा, चूल आमच्या अंगणात मांड म्हनावं."

तेवढ्यात व्याह्यांचा, रुद्रप्पांचा फोन आला. "सर, उद्या निघतोय आमी. पत्ता तोच न्हवं?"

"नाही, समोरचं घर," सर म्हणाले. "आमच्या घरचं पाणी तिकडं राहायला गेलंय."